निवेदन नेमके कुणाला द्यायचे?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातील पस्तीस कांदा उत्पादकांचा गट चालवतो. निर्यातबंदीच्या काळात आमदारांना दोनदा निवेदन दिले, त्यांनी ते आपुलकीने स्वीकारले, पण पुढे काहीच झाले नाही. निर्यातीचे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत आमच्यासारख्या लहान गटाने कसे पोहोचावे?

उत्तर : तुमची मागणी रास्त होती, परंतु ज्यांच्याकडे ती नेली त्यांच्या हाती तो निर्णय नव्हता. कांद्याची निर्यात खुली ठेवायची की बंद, हे विधानसभेत ठरत नाही आणि त्यासाठी संसदेत मतदानही होत नाही. परकीय व्यापारासंबंधीच्या १९९२ च्या कायद्याने केंद्राला दिलेल्या अधिकारात अधिसूचना निघते आणि लासलगावच्या बाजारातले कांद्याचे लिलाव कोलमडतात. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालय लावते. शहरांतील किरकोळ भावांवर रोज नजर ठेवणाऱ्या ग्राहक व्यवहार विभागाचे वजन यात फार मोठे असते. कृषी मंत्रालयाचे म्हणणे मागे पडते, आणि कांदा धोरणातील ही सर्वांत मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागल्यावर नाशिक जिल्ह्यातील लिलाव बंद पडले. तेव्हा राज्याचे कृषिमंत्री दिल्लीत पीयूष गोयल यांना भेटले, कारण वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती. केंद्राकडून क्विंटलला २,४१० रुपये दराने आणखी दोन लाख टन खरेदी जाहीर झाली. शुल्क मात्र तसेच राहिले. डिसेंबरमध्ये संपूर्ण बंदी आली. ती मे २०२४ मध्ये, नाशिक आणि दिंडोरीचे मतदान तोंडावर असताना उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (म्हणजे त्याहून कमी दराने निर्यात नाही) आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर. शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडले.

आमदारांकडे जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. मार्च २०२३ मध्ये भाव कोसळले असताना राज्याने क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर केले होते. त्याच वेळी दिंडोरीहून मुंबईकडे निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चाची मागणी ६०० रुपयांची होती. अधिवेशन चालू होते, चर्चेची दारे उघडली, अनुदान ३५० रुपये झाले आणि मुख्यमंत्र्यांनी सभागृहात निवेदन केल्यानंतरच वाटेत वाशिंदला थांबलेले शेतकरी माघारी फिरले. अनुदान राज्याच्या तिजोरीतून जाते, म्हणून तिथे विधानसभेवरचा दबाव उपयोगी पडला.

निर्यातीसाठी मात्र खासदारांना गाठा आणि त्यांच्याकडे ‘लक्ष घाला’ एवढेच न मागता विचारायचा प्रश्न लिहूनच द्या. तारांकित, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात अशा प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो, त्यामुळे अधिवेशनाची तारीख कळताच हालचाल करावी. अतारांकित प्रश्नाला तोंडी नाही, पण लेखी उत्तर मिळते आणि ते सरकारने नोंदीवर दिलेले उत्तर असल्यामुळे पुढच्या प्रत्येक बैठकीत समोर ठेवता येते. एकाच खासदारावर विसंबू नका, कारण पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूरचे उत्पादकही याच दुखण्याने बेजार आहेत. तिथल्या गटांशी बोलून एकच मसुदा साऱ्यांनी आपापल्या खासदारांकडे द्यावा.

निवेदन दोन पानांपेक्षा मोठे नको. त्याला बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातील तुमच्याच सभासदांच्या हिशोबपट्ट्या जोडा. ज्या कागदावर वजन, मिळालेला भाव, हमाली, तोलाई आणि हातात पडलेली रक्कम दिसते, त्याच्यापुढे अधिकाऱ्याला सरासरीचे आकडे सांगत बसता येत नाही. त्याशेजारी एकरी खर्चाचा हिशेब द्या आणि नेमकी मागणी एकाच वाक्यात लिहा, उदाहरणार्थ, निर्यातीवर कोणतेही निर्बंध लावण्यापूर्वी उत्पादकांच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकून घ्यावे. प्रत देताना फोटो काढायला हरकत नाही, पण कार्यालयातून आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय परतू नका. महिन्याभराने चौकशीला जाल तेव्हा हा क्रमांकच तुमच्या कामी येईल.