पावसाळ्यात पाणी न घालताही सक्युलंट का सडतात?

वसईला खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या एचेवेरियाला (गुलाबासारख्या रचनेत जाड पाने येणारे हे सक्युलंट, म्हणजे पाने-खोडांत पाणी साठवणारे झाड) पावसाळ्यात किती दिवसांनी पाणी द्यावे आणि कोणते खत घालावे, असे आपण विचारले आहे. महिनाभर पाण्याचा थेंबही दिलेला नसताना पाने काचेसारखी पारदर्शक होऊन गळत आहेत आणि घरची मंडळी मात्र ‘तूच पाणी जास्त घातलेस’ असे म्हणतात, हेही आपण लिहिले आहे. आपल्या प्रश्नातील हे शेवटचे वाक्य वाचले नसते, तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

मी रत्नागिरीची. माझ्या थोरल्या जाऊबाई पुण्याला राहतात आणि त्यांच्या गच्चीवर सक्युलंटच्या शेदीडशे कुंड्या आहेत. 2019 च्या फेब्रुवारीत त्यांनी मला एचेवेरियाच्या अकरा कुंड्या भेट दिल्या आणि देताना ‘पाणी घालायचे नाही’ हे तीनदा बजावले. मी त्या पडवीत, पत्र्याखाली ठेवल्या. मे अखेरपर्यंत त्या उत्तम होत्या. जूनमध्ये झडीचे पाणी आत येऊ नये म्हणून आम्ही नेहमीप्रमाणे पडवीला ताडपत्री बांधली आणि त्या दिवसापासून मी त्या कुंड्यांना पाणी दिले नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खालची पाने गळू लागली, ऑगस्टमध्ये खोडे काळी पडली आणि 2 सप्टेंबरला गणपती आले तेव्हा पडवीत अकरा रिकाम्या कुंड्या उरल्या होत्या. घर पाहुण्यांनी भरलेले असताना जाऊबाई त्या कुंड्यांकडे बघून म्हणाल्या, “तुझा पाण्याचा हात काही आवरत नाही बघ.” थोरल्या जावेला सणाच्या दिवशी उलट उत्तर कसे द्यायचे, म्हणून मी मोदकाच्या उकडीकडे वळले. ते वाक्य मात्र अजून विसरलेले नाही.

पाहुणे गेल्यावर मी एक कुंडी उलटी केली. प्लॅस्टिकच्या कुंडीतले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, अडीच महिने पाणी न मिळताही मुठीत दाबले तर ओल लागेल इतके दमट होते. कोंदट पडवीतली हवाच ते सुकू देत नव्हती.

याचे कारण समजून घ्यायचे असेल तर आपल्या अंगणातल्या पानफुटीपासून सुरुवात करावी. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असताना पानफुटीचे पान चाखून पाहिले. ते सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळकडे किंचित कडवट होते, असे त्याचे निरीक्षण 1815 साली प्रसिद्ध झाले. हा आंबटपणा मॅलिक आम्लाचा. बहुतेक सक्युलंट दिवसा पानांची रंध्रे, म्हणजे बारीक छिद्रे, मिटून ठेवतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतात. रात्र गार असेल तर हा व्यवहार चांगला चालतो. कोकणात जुलैच्या रात्रीही तापमान 24-25 अंशांच्या खाली क्वचितच उतरते. अशा उबदार रात्री झाड कमावते कमी आणि श्वसनात खर्च करते अधिक. त्यात ढगांमुळे ऊन नाही आणि हवेत इतके बाष्प की पानांतून पाणी बाहेर पडतच नाही. जे झाड पाणी वापरत नाही त्याची मुळे दमट, हवाबंद माध्यमात बसून राहतात आणि बुरशीला उबदार घर मिळते. पुण्यात पावसाळी रात्र दोन-तीन अंशांनी गार असते आणि वर्षाचा पाऊस आमच्या पावसाच्या चौथाईच्या आसपास. तिथे ‘पाणी घालू नका’ एवढा एक नियम पुरतो. इकडे तो पुरत नाही. जाऊबाईंचे झाडांचे ज्ञान खोटे नाही, पण ते घाटमाथ्यापलीकडचे आहे.

सक्युलंट म्हणजे वाळवंटातले झाड, ही समजूतही सोडावी. एचेवेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या, पुष्कळशा कड्याकपारींत वाढणाऱ्या आहेत आणि तिथेही उन्हाळ्यात पाऊस पडतो. फक्त पाणी मुळाशी थांबत नाही आणि वारा अडत नाही. इतक्या दूर जायचीही गरज नाही. जुन्नरच्या शिवनेरीच्या कड्यावर उगवणारी शिंदळ माकुडी, जिला शिवसुमन असेही नाव आहे, ती अस्सल महाराष्ट्रातली सक्युलंट आहे. ती उन्हाळ्यात पाने टाकून नुसत्या खोडावर तग धरते आणि पावसाळ्यात, आपल्या कुंड्या सडतात त्याच दिवसांत, पाने धरून लालसर, पिवळ्या ठिपक्यांची फुले देते.

पुढच्या वर्षी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा पडवीत आणला. एका मातीच्या कुंडीत विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे तीन भाग आणि चाळलेले जुने शेणखत एक भाग भरले, दुसऱ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत कोकोपीट. दोन्हींना 15 जूनला एकदाच पाणी दिले आणि रोज वजन लिहिले. मातीची कुंडी नवव्या दिवशी कोरड्या वजनावर आली. प्लॅस्टिकची सव्विसाव्या दिवशीही आली नव्हती. ती वही मी जाऊबाईंना दाखवली, तेव्हा त्या “आमच्याकडे असे होत नाही,” एवढेच म्हणाल्या. तेच तर मी सांगत होते!

तेव्हा किती दिवसांनी पाणी द्यावे, याला दिवसांत उत्तर नाही. कुंडी उचलून पाहावी. हलकी झाली आणि खालची पाने सुरकुतली तरच सकाळी पाणी द्यावे. पाने मऊ, पारदर्शक झाली असतील तर पाणी देऊ नये, झाड उपटून मुळे पाहावीत. खोड काळे असेल तर निरोगी भागापर्यंत वरून कापून शेंडा पंख्याखाली आठवडाभर सुकवावा आणि मगच विटांच्या तुकड्यांवर ठेवावा. ग्रिलवर पत्रा हवा, पण बाजूंनी ताडपत्री नको. खत पावसाळ्यात अजिबात घालू नये.

माझे स्पष्ट मत असे की, किनारपट्टीवर एचेवेरिया आणि लिथॉप्स (गोट्यांसारखे दिसणारे सक्युलंट) यांवर पैसे घालू नयेत. जाड बुंध्याचे, फुलांचे अ‍ॅडेनियम पावसापासून आडोशाला ठेवावे, सॅन्सेव्हेरिया (स्नेक प्लांट) आणि पानफुटी कुठेही लावावी. आमच्या मागील दारी शेराचे कुंपण दरवर्षी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलत उभे आहे आणि त्याला कोणी सक्युलंट म्हणतही नाही, हा त्याचा दोष नाही.

आता राहिलेले सांगते. मी पान चाखण्याविषयी लिहिले असले तरी पानफुटीत विषारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरे दगावतात, त्यामुळे हा प्रयोग आपण करू नये. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास फार आग होते. छाटणी चष्मा लावून करावी. शिंदळ माकुडी दुर्मीळ आहे. ती कड्यावरून उपटून आणू नये. फांदीपासून रोपे करणाऱ्या रोपवाटिकेत मिळाली तरच घ्यावी. माझे वजनाचे आकडे एकाच पडवीतले, एकाच वर्षीचे आहेत. वसईच्या ग्रिलमध्ये वारा अधिक असेल तर आपले आकडे वेगळे येतील.