चालेल का, केस होईल का? गेमवाल्यांचे कायद्याचे प्रश्न

प्रश्न : गेम बनवणाऱ्यांचा एक ऑनलाइन ग्रुप मी सांभाळतो. रोज कुणीतरी येऊन विचारतं की अमुक केलं तर चालेल का, केस होईल का, मग दहा जण दहा उत्तरं देतात, सगळ्यांची सुरुवात 'मी वकील नाही पण' अशी आणि पुढे वकिलाच्या वरताण भांडणं. लीगल प्रश्नांवर सरळ बंदीच घालू का?

उत्तर : नका घालू. बंदी घातली की लोक विचारायचं सोडतात, करायचं सोडत नाहीत. त्यापेक्षा प्रश्न आला की आधी बघा तो माहितीचा आहे की त्या माणसाच्या स्वतःच्या भानगडीचा. एमआयटी लायसन्सचा (फुकट वापरायला मोकळा ठेवलेला) कोड वापरला तर काय करावं लागतं, हा माहितीचा प्रश्न, कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा, विषय संपला. सीसी झिरोवालं, म्हणजे काढणाऱ्याने सगळे हक्क सोडलेलं, चित्र विकायच्या गेममध्ये चालतं आणि एनसीवालं, म्हणजे धंद्यासाठी मनाई असलेलं, चालत नाही, हेही कुणीही वाचून सांगू शकतं. पण 'पब्लिशरने पैसे अडकवलेत, करार मोडू का' याचं उत्तर तो करार न वाचता देणारा कितीही हुशार असला तरी अंदाजच मारतोय. तिथे ग्रुपने एवढंच करावं, वकिलाकडे जाताना काय घेऊन जायचं ते सांगावं. राहतो कुठे, गेम कुठल्या देशांत विकणार, लेखी काय काय आहे, कुठला भाग कुणी कधी बनवला. हे तयार असलं तर वकिलाचा वेळ वाचतो, आणि तो वेळ म्हणजे आपलेच पैसे.

दोन बाबतींत मात्र मी कडक राहीन. एक, ज्याला नोटीस आलीये त्याला ग्रुपवर सगळी कहाणी लिहू देऊ नका. रागाच्या भरात 'हो, बघूनच बनवलं, काय बिघडलं' असं लिहून बसतो आणि समोरच्याचा वकील त्याचा स्क्रीनशॉट काढतो. नंतर डिलीट करणं तर अजून वाईट, पुरावा लपवला असं दिसतं. दुसरं म्हणजे पेटंट. उत्साही लोक पेटंटचे नंबर शोधून पोस्ट करतात, 'बघ, तुझा गेम यात बसतो'. अमेरिकेत पेटंट माहीत असूनही जाणूनबुजून मोडलं असं ठरलं तर कोर्ट भरपाई तिप्पटीपर्यंत वाढवू शकतं, त्यामुळे अशी पोस्ट म्हणजे मदत कमी आणि अडचण जास्त. पेटंट असतात, हे खरंच आहे. लोडिंग चालू असताना छोटा गेम खेळायला देण्याचं पेटंट नामको या गेम कंपनीकडे होतं, ते 2015 मध्ये संपलं. शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतो त्या नेमेसिस सिस्टिमचं पेटंट वॉर्नर ब्रदर्सला 2021 मध्ये मिळालं. पण आपला गेम एखाद्या पेटंटमध्ये बसतो की नाही हे त्यातल्या क्लेम्सचा, म्हणजे नेमका कशावर हक्क ते सांगणाऱ्या वाक्यांचा, शब्द न् शब्द वाचून ठरतं, ते काम कमेंटमध्ये होत नाही.

प्रश्न : दादा, एका फेमस पझल गेमसारखा गेम करतोय. नियम तेच, कोड आणि चित्रं माझी. ग्रुपवर म्हणाले तीस टक्के बदललं की कॉपीराइट लागत नाही. खरंय का?

उत्तर : तीस टक्क्यांचा नियम कुठल्याच कायद्यात नाही रे, तसाच तीस सेकंद गाणं फुकट वापरायचाही नाही, पण हे दोन्ही नियम मरतही नाहीत. कॉपीराइट कल्पनेला नसतो, ती मांडली कशी त्याला असतो, म्हणून खेळाचे नियम मोकळे. आता मांडणी कुठे सुरू होते इथे घोळ आहे. झिओ नावाच्या कंपनीने आयफोनवर 'मिनो' काढला, कॉपीराइटचा अभ्यास करून, कोड आणि चित्रं स्वतःची वापरून, आम्ही टेट्रिसचे फक्त नियम घेतले असं म्हणाले. टेट्रिसवाल्यांनी केस केली आणि 2012 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फेडरल कोर्टाने दोन्ही गेम शेजारी ठेवून बघितले. दहा रुंद वीस उंच पट, तुकड्यांचे आकार आणि दिसणं, खाली पडणार तिथली सावली, सगळं तेच. झिओ हरली. याउलट डेटा ईस्टने एपिक्सवर केलेली कराटे गेमच्या नकलेची केस, तिथे 1988 मध्ये अपील कोर्ट म्हणालं की ठोसे, रेफरी, कपडे हे कराटेतच असतं, ते कुणा एकाचं नाही, आणि एपिक्स सुटली.

त्यामुळे तुझा प्रश्न 'किती टक्के बदललं' हा नाहीच, ती गोष्ट त्या नियमांना लागतेच म्हणून घेतली की त्यांनी छान केलीये म्हणून घेतली, हा आहे. तुझ्या स्क्रीनशॉटवर एकेका गोष्टीला हे विचारून बघ. आणि नाव पूर्ण वेगळं ठेव, ट्रेडमार्कचं, म्हणजे नावावरच्या हक्काचं, लफडं कॉपीराइटपेक्षा वेगळं असतं.

प्रश्न : फॅन गेम फुकट देतोय, मूळ कंपनीला क्रेडिटही दिलंय. तरी काढायला लावतील?

उत्तर : लावू शकतात. जुन्या मेट्रॉइडचा चाहत्याने बनवलेला फुकट रीमेक 'एएम2आर' ऑगस्ट 2016 मध्ये आला आणि मूळ कंपनी निन्टेंडोच्या नोटिशीनंतर काही दिवसांत डाउनलोड लिंक गेल्या. क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. काही कंपन्या फॅन गेमसाठी नियम जाहीर करतात, काम सुरू करायच्या आधी ते शोधा.

प्रश्न : मित्राने कॅरेक्टर्स काढून दिली, नंतर भांडण होऊन गेला. आता रिलीजच्या तोंडावर म्हणतो माझी चित्रं काढून टाक. लेखी काहीच नाही, नफ्यात वाटा देऊ असं चॅटवर बोललो होतो.

उत्तर : तो तुमच्याकडे नोकरीला नव्हता, म्हणजे बहुतेक देशांत चित्रांचा हक्क त्याचाच. नुसते पैसे दिले असते म्हणून सगळीकडे आपोआप हक्क तुमचा झाला नसता. त्याने गेमसाठीच काढून दिली म्हणजे वापरायला मूक परवानगी होती असा बचाव असतो, पण त्याच्या भरवशावर रिलीज करू नका, कारण स्टोअरवर तक्रार गेली की गेम आधी उतरतो आणि वाद नंतर सुटतो. चॅट, फाइल्स, तारखा सगळं जपून ठेवा. मग त्याच्याशी बोला, शक्य असलं तर तिसऱ्या माणसाला मध्ये घेऊन, आणि एक पानभर तरी लिहून घ्या. कोणती चित्रं, फक्त याच गेमला की पुढच्या भागाला आणि टी-शर्टलाही, वाटा किती आणि खर्च वजा करून की आधी (भांडणं इथेच होतात), क्रेडिटमध्ये नाव कसं. नाहीच जमलं तर दुसऱ्याकडून नवीन चित्रं काढून घ्या आणि रिलीज पुढे ढकला. त्याच चित्रांवरून 'थोडी वेगळी' काढून घेऊ नका, तो पुन्हा तोच प्रश्न होईल.

प्रश्न : डिझाइन स्वतःलाच ईमेल करून ठेवलंय, कॉपीराइटला तेवढं पुरे ना?

उत्तर : त्याची गरजच नव्हती. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत तुम्ही काढलं-लिहिलं की कॉपीराइट तयार. ईमेलने फार तर तारीख दाखवता येते, ती तुमच्या गिट कमिटनेही (कोडमधल्या बदलांची तारखेसकट होणारी नोंद) येते. अमेरिकेतल्या गेमसाठी तिथे कोर्टात केस करायची असेल तर मात्र आधी रजिस्ट्रेशन लागतं, 2019 मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता अर्ज करून भागत नाही, नोंदणीवर ऑफिसचा निर्णय यावा लागतो.