कॅनमधली अश्वगंधा किती कामाची?

प्रश्न : दारू कमी केल्यापासून संध्याकाळी मी ‘ताण घालवणारी’ बिनदारूची पेयं घेते. त्यांत अश्वगंधा, थिअनिन (चहाच्या पानांतलं एक अमिनो आम्ल), कॅमोमाइल (एक सुगंधी फूल) असतं. प्यायल्यावर बरं वाटतं. हा गुण वनस्पतींचा की मनाचं समाधान?

उत्तर : बरं वाटतं हे खरंच, पण त्याचं श्रेय बहुधा अश्वगंधेला उगाच मिळतंय. ती एका ग्लासात काम करत नाही. ज्या चाचण्यांत तिच्यामुळे ताण आणि कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) उतरलेलं दिसलं, त्यांत मुळांचा अर्क रोज साधारण 240 ते 600 मिलिग्रॅम, सलग 6 ते 8 आठवडे दिला होता. 2012च्या एका चाचणीत 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असे 60 दिवस.

आता लेबल वाचा. ‘अश्वगंधा अर्क 50 मि.ग्रॅ.’ असेल तर त्या चाचणीइतकी मात्रा गाठायला रोज 12 कॅन लागतील! अर्काऐवजी नुसती पूड असेल तर हिशेब आणखी बिघडतो, कारण पुडीत विथॅनोलाइड (अश्वगंधेतले मुख्य सक्रिय घटक) कमी असतात. काही कंपन्या सगळ्या वनस्पतींचं मिळून एकच वजन छापतात. तिथे घटकांचा क्रम बघा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. अश्वगंधा सायट्रिक आम्ल आणि फ्लेवरच्याही खाली गेली असेल तर ती नावापुरतीच समजा. ही कंजुषी चवीमुळेही होते. मूळ कडवट असतं, पुरेसं घातलं तर पेय घशाखाली उतरणार नाही.

थिअनिनची गोष्ट वेगळी. एका वेळच्या 200 मिलिग्रॅमने तासाभरात थोडा निवांतपणा आल्याचं काही चाचण्यांत दिसलंय. परिणाम सौम्यच, पण तुमच्या कॅनमध्ये एवढी मात्रा असेल तर त्याला थोडं श्रेय द्यायला हरकत नाही. सोबत कॅफिन नाही ना, तेवढं तपासा. संध्याकाळी घेतलेलं कॅफिन रात्रीपर्यंत रक्तात रेंगाळतं.

कॅमोमाइलचे चिंतेवरचे प्रयोग रोज 1500 मिलिग्रॅमपर्यंतच्या अर्काचे आहेत. पेयात ते बहुधा वासापुरतं असतं. त्यापेक्षा घरी करा : 2 चमचे वाळलेली फुलं, कपभर उकळतं पाणी, 5 ते 10 मिनिटं झाकून. झाकण हवंच, नाहीतर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर मात्र टाळा.

तुमच्या बाबतीत सर्वात मोठा फरक दारू कमी झाल्याचा असावा. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. ती मोडायची थांबली की दुसरा दिवस आपोआप हलका जातो.

प्रश्न : थायरॉइडची गोळी चालू आहे. अश्वगंधेचं पेय चालेल का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकं वाढू शकतात, मग गोळीची मात्रा जास्त होऊन धडधड, घाम सुरू होतो. झोपेची, मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावं. गरोदरपणात अजिबात नको. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज, यांतलं काहीही दिसलं तर पेय बंद करून डॉक्टर गाठा आणि लेबलचा फोटो सोबत न्या.