रशियाच्या ज्युनियर आइस हॉकी टीममधून पुढे मोठं कोण होणार, हे NHL ड्राफ्टच्या (उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या आइस हॉकी लीगच्या टीम तरुण खेळाडूंना राउंड-राउंडने निवडतात, त्या निवडीच्या) नंबरावरून कळतं का?

थोडंफार कळतं, पण त्यावर डोळे झाकून जाऊ नका. 2011 ची बफेलोतली ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल बघा, कॅनडा 3-0 ने पुढे, सगळ्यांनी रशियाला मोडीत काढलेलं आणि शेवटच्या पिरियडमध्ये पठ्ठ्यांनी पाच गोल ठोकून 5-3 ने मॅच मारली. त्यात तारासेंको आणि कुझ्नेत्सोव आधीच्याच वर्षी पहिल्या राउंडला उचललेले, त्यांचं नाव होणारच होतं. पण दोन गोल मारणारा पानारिन? त्याला ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंच नाही, नंतर NHL मधल्या शिकागोच्या टीमने 2015 ला घेतला आणि पहिल्याच सीझनला लीगचा बेस्ट रूकी (नवा खेळाडू)! मी तरी लिस्टपेक्षा असल्या दाबाच्या मॅचमधला खेळ बघतो.