मुंबईतल्या मुंबईत नदीकाठ आणि छोट्या टेकड्या, दोन्ही असलेली गोल पायवाट कुठे आहे?

नदीकाठ आणि टेकड्यांशिवाय तुमच्या तीन अटी आहेत: लोकलने जाता यावं, बरोबर साठीतले आईबाबा आहेत आणि आलो त्याच वाटेने परत यायचं नाही. पहिल्या दोन अटींना बोरिवलीचं नॅशनल पार्क पुरतं. तिसरीत थोडी तडजोड करावी लागेल.

बोरिवली पूर्वेला उतरलात की गेट चालत गाठता येतं. आतला कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे जाणारा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा. सुरुवातीला दहिसर नदी सोबतीला असते. ही नदी तुळशी तलावातून निघते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. दहिसरमध्ये तिला नाला म्हणणारी माणसं इथे आली की थबकतात, कारण पावसाळ्यात इथे ती खरोखर नदी दिसते. पुढे हलका चढ लागतो. आईबाबांना एवढं डांबरी चालणं नको असेल तर आतल्या बसने कान्हेरीला जा, उतरताना चाला.

जंगलातून दुसऱ्या वाटेने परतायचा विचार मात्र सोडा. बिबट्याचं राज्य आहे, आडवाटांना परवानगी आणि वनखात्याचा गाईड लागतो. गोल वाट करायची ती कान्हेरीच्या डोंगरावर. तिकीट काढून तिसऱ्या लेण्यातला चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह बघा, व्हरांड्याच्या दोन्ही टोकांच्या उंच बुद्धमूर्तींपाशी दोन मिनिटं थांबा, मग घळीच्या एका बाजूने चढा आणि दुसऱ्या बाजूने उतरा. मधून ओढा वाहतो. लेणी शंभरच्या वर आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका.

मी तिथे लेण्यांपेक्षा पाणी बघायला जातो. जवळजवळ प्रत्येक विहाराबाहेर, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्याबाहेर, एक पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं टाकं असतं. वरच्या खडकावर वीतभर रुंदीचे पाट कोरलेत. जुलैच्या सरीत तिथे उभं राहिलं की पाणी त्या पाटांतून वळत वळत टाक्यात पडताना दिसतं. बेसाल्टमधली दोन हजार वर्षांपूर्वीची ही पाण्याची सोय आजही चालू आहे! नव्वद नंबरच्या लेण्यात तर 1009 सालच्या पारशी पाहुण्यांनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, आपली नावं कोरून ठेवलीत. (तुम्ही तसं काही करू नका.)

दोन वर्षांपूर्वी ह्याच ओढ्यापाशी शेवाळावरून मी सपशेल आपटलो. कोपर सोलवटलं, चप्पल वाहत गेली. ती पकडायच्या नादात चिक्कीची पिशवी खाली ठेवली, तर माकडाने तीही लांबवली. तेव्हा पायात पकड असलेले बूट हवेत आणि खाण्याच्या पिशव्या हातात नकोत, सॅकमध्ये ठेवा. लेण्यांच्या पायथ्याशी आदिवासी पाड्यांतल्या बायका काकडी, कैरी विकायला बसतात. मीठमसाला लावलेली काकडी तिथे उभ्या उभ्या खाऊन संपवावी, माकडाला संधी देऊ नये.

सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात छान: पाऊस ओसरतो, ओढा वाहता असतो. कारवीच्या जांभळ्या फुलांची वाट बघणार असाल तर हे झुडूप आठ वर्षांनी एकदा फुलतं, 2024 ला फुलून गेलं. सोमवारी पार्क बंद असतं. रविवारी सकाळी लवकर गाठा, नाहीतर दहानंतर कान्हेरीच्या पायऱ्यांवर दादर स्टेशन भरतं.