एकाच टाकीतल्या भांडखोर माशांना वेगळं ठेवायला घरच्या घरी पार्टिशन कसं बनवायचं?

तुम्ही लिहिलंय की टाकी तीन फुटी, ऑस्कर मासे दोन. मोठा लहान्याला कोपऱ्यात दाबून ठेवतो, त्याची शेपटी कुरतडली आहे, दुसऱ्या टाकीला घरात जागा नाही. तर मध्ये काच बसवू की ॲक्रिलिक? माझं उत्तर: दोन्ही नको, जाळी लावा. आता एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण या काचेवरून आमच्या घरात अजून दोन तट आहेत, त्यामुळे सगळंच सांगतो.

मोर्शी-वरूड पट्ट्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. काउंटरच्या बाजूला टाकी, तीन बाय एक बाय दीड फूट. काठोकाठ भरली तर सव्वाशे लिटर, आपण भरतो तशी भरली तर शंभर-एकशेदहा. त्यात एकच ऑस्कर होता. पोरीने त्याचं नाव बाळ्या ठेवलं होतं. अमरावतीहून आणला तेव्हा बोटाएवढा, वर्षभरात वीतभर झाला. ऑस्कर पाळणाऱ्याला काही सांगायला नको. शटर वर गेलं की हा काचेला नाक लावून हजर. सातबाराच्या झेरॉक्ससाठी आलेली म्हातारी माणसं त्याच्याशी बोलत उभी राहायची.

2019 च्या पाडव्याला भाटवे, म्हणजे आमच्या ताईचे मिस्टर, नागपूरहून आले ते हातात पाण्याची पिशवी घेऊन. पिशवीत फ्लॉवरहॉर्न. "दुकानात ठेव, बरकत येते." घरच्या जवायाने हौसेने आणलेली वस्तू परत कशी करणार? फ्लॉवरहॉर्न हा मुळात कोणत्याच नदीतला मासा नाही. 1990 च्या दशकात मलेशियात वेगवेगळ्या सिक्लिड माशांचे (ऑस्करही याच कुळातला) संकर करून तो तयार केला. डोक्यावर जे टेंगूळ येतं त्यात म्हणे भाग्य असतं. माझ्या दुकानात बरकत येते ती पीकविम्याची तारीख जवळ आली की, नाहीतर बारावीचा निकाल लागला की. टेंगळाने एक झेरॉक्ससुद्धा वाढली नाही.

टेंगूळ पाहून पोरीने त्याचं नाव सरपंच ठेवलं. सरपंचाने तिसऱ्या दिवशी गावठाण मोजून घेतलं. मी आतले दगड हलवून पाहिले, म्हणजे जुनी हद्द दोघांनाही ओळखू येऊ नये. एरवी याने थोडा फरक पडतो. इथे दोन दिवस पडला, मग बाळ्याच्या पाठीवरचा पर फाटला आणि गालावरचे खवले गेले. भाटव्यांना फोन केला.

भाटव्यांचा धंदा ॲल्युमिनियम सेक्शनचा आणि काचेचा. ते पुढच्याच रविवारी पाच एमएमची काच बरोब्बर कापून घेऊन आले, टाकी रिकामी करायला लावली, सिलिकॉनची अशी रेघ ओढली की बोट फिरवलं तरी कळू नये. मी एकदाच म्हटलं, "भाऊजी, पाणी इकडून तिकडे कसं जाईल?" तर म्हणाले, "काऊन जायले पाहिजे? दोघायले आपापलं पाणी हाये नं. फिनिशिंग पाय." फिनिशिंग खरंच चांगलं होतं. ते आजही मान्य करतो.

पण मासे काचेतून एकमेकांना दिवसभर पाहत होते. सरपंच गलफडं फुगवून काचेवर धडका देत होता, बाळ्या मागच्या कोपऱ्यात काळा पडून उभा. खायला टाकलं तर येईना. मारामारी थांबली, धाक थांबला नाही. आणि फिल्टर होता एकच, तो सरपंचाच्या बाजूला. बाळ्याच्या अर्ध्या भागातली घाण तिथेच राहत होती. घाणीतून अमोनिया होतो. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, पीएच चढा. पीएच आणि तापमान जितकं चढं तितका तोच अमोनिया जास्त घातक. वर एप्रिल-मे, पत्र्याचं दुकान, दुपारी बाहेर पंचेचाळीसच्या आसपास. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मी पाणी थोडं गढूळ दिसलं की दोन बादल्या बदलायचो आणि काम झालं समजायचो.

मेमध्ये एका रात्री वादळ आलं, फिडर बसला, लाइन सकाळपर्यंत आली नाही. मी बॅटरीवरचा एअर पंप लावून घरी गेलो होतो. सकाळी शटर उचललं. सरपंच काचेवर हजर. बाळ्या वर आडवा तरंगत होता, तोंड उघडं, गलफडं लालभडक. पोरीला शाळेची सुट्टी होती, ती माझ्या मागेच उभी होती.

भाटव्यांचं म्हणणं, मी पंप लावायलाच विसरलो. माझं म्हणणं, काचेने मारलं. त्या दिवाळीत यावरून ताईने दोघांनाही उठवून अंगणात पाठवलं.

असो, आता पार्टिशन. पोरीसाठी पुढच्या महिन्यात दुसरा ऑस्कर आणला, त्यामुळे काच उचकटून मला काहीतरी करणं भागच होतं. ब्लेडने सिलिकॉन खरवडायला दीड तास लागला, एवढं ते चांगलं बसलं होतं.

हार्डवेअरवाला कोंबडीची जाळी देत होता. ती घेऊ नका. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो पाण्यात उतरतो आणि माशांना बाधतो. तांब्याची तारही नको. मच्छरजाळीला काचेला चिकटणाऱ्या रबरी चकत्या लावून पाहिल्या, सरपंचाने एका संध्याकाळी ती पाडून दाखवली. छोट्या फायटर माशाला चालेल, सिक्लिडला नाही.

मग नजर गेली कॅरेटवर. संत्र्याचं प्लास्टिकचं कॅरेट आमच्याकडे कोणाच्याही ओट्यावर पडलेलं असतं. त्याचा तळ म्हणजे तयार जाळी, जाड आणि ताठ, आणि एक फूट रुंद दीड फूट उंच तुकडा त्यातून आरामात निघतो. हॅक्सॉच्या पात्याने कापला, कडा पॉलिश पेपरने घासल्या. धार राहिली तर माशाचा डोळा जातो. फवारणीच्या औषधांशेजारी पडलेलं कॅरेट मात्र फुकट मिळालं तरी नको. साबण न लावता घासा, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवा.

बसवायला काय? माझ्या दुकानात स्टिक फाइल गठ्ठ्याने पडलेल्या. तिची ती प्लास्टिकची दांडी काढली, पाठ घासून खरबरीत केली आणि टाकीच्या पुढच्या व मागच्या काचेवर आतून, जाळीच्या जाडीएवढी फट सोडून, दोन-दोन उभ्या ओळी सिलिकॉनने चिकटवल्या. दांडी फूटभर असते, म्हणून प्रत्येक ओळीला एक अख्खी आणि एक अर्धी. झाली खाच. जाळी वरून सरकवायची, साफसफाईला वर ओढायची. स्लायडिंग खिडकीचीच युक्ती आहे ही, आणि ती भाटव्यांच्याच कामात पाहिलेली. सिलिकॉन साधं घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. बाथरूमचं बुरशीरोधक नको, त्यात औषध असतं. काच कोरडी ठणठणीत हवी, आणि चिकटवल्यावर दोन दिवस पाणी भरू नका. मासे तोवर ड्रममध्ये, पंप लावून.

मी इथे एक चूक केली. पाणी भरलं आणि सकाळी पाहतो तर जाळी चार बोटं वर आलेली, खालून नवा ऑस्कर पलीकडे जायच्या बेतात. कॅरेटचं प्लास्टिक पाण्यावर तरंगतं, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता वरचं झाकण जाळीवर टेकतं, ते तिला दाबून ठेवतं. खाली जाळी थेट तळाच्या काचेपर्यंत गेली पाहिजे, खडीवर टेकवू नका, कारण दोन्ही मासे खडी उकरणारे. खडी नंतर टाका आणि दोन्ही बाजूंनी चपटे दगड लावा.

एकमेकांना दिसू नये म्हणून स्टिक फाइलचं मागचं रंगीत पान जाळीला केबल टायने बांधलं. पंचिंग मशिनने त्याच्या कडेलाच भोकं पडतात, मधली भोकं मी दाभण गॅसवर तापवून पाडली. टोक टेकलं की प्लास्टिक चर्र करून मागे सरतं आणि भोकाभोवती कडक गोल कडी उरते. ती नखाने खरडून काढायची. बायकोने ते दाभण पुन्हा गोधडीला घेतलं नाही, नवीन आणायला लावलं. पान वर-खाली चार-चार बोटं आखूड ठेवा, पाणी तिथून मोकळं फिरतं. आठ-दहा दिवसांनी मासे शांत झाले की पान काढून पाहा, पुन्हा गलफडं फुगली तर परत बांधा.

फिल्टर एका बाजूला, त्याच्या पाण्याचा झोत जाळीकडे. हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या नळीला लावायचा बुडबुडे सोडणारा दगड, दुसऱ्या बाजूला. तुमच्याकडे ऑस्कर चार बोटांहून लहान असेल तर कॅरेटची भोकं मोठी पडतील, डोकं अडकेल. बारीक जाळी घ्या.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: ऑस्कर फूटभर होतो. तीन फुटी टाकीचे दोन भाग म्हणजे दीड-दीड फूट, त्यात तो धड वळणारही नाही. पार्टिशन म्हणजे काही महिन्यांची सोय, नंतर एक मासा कोणाला तरी द्यावाच लागतो. मी सरपंच भाटव्यांनाच परत दिला, ताई म्हणते आता तो तिच्या हातून खातो. दुसरं, पाणी एकच असल्याने एकाला रोग झाला तर जाळी तो अडवत नाही.

भाटवे परवा दुकानात आले होते. टाकीत अजून तशीच असलेल्या जाळीकडे पाहून म्हणाले, "काच असती तं मासा चांगला दिसला असता." मी काही बोललो नाही, कारण त्या रात्री पंप चालू होता हे खरं असलं तरी त्याला हवेची तोंडं दोन होती. दुसऱ्यावर, बाळ्याच्या बाजूच्या, रबरी बूच होतं, आणि ते बूच मला कळलं जूनमध्ये, पंप धुताना. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पण जाळी असती तर एका दगडावरही भागलं असतं.