खोटं आधी स्वतःला पटतं

पत्र: मी ३६ वर्षांचा आहे. गरज नसताना खोटं बोलतो. बायकोने विचारलं, "विजेचं बिल भरलंस का?" की "कधीच!" म्हणतो आणि मग बाथरूममध्ये जाऊन फोनवरून भरतो. ऑफिसात सांगून ठेवलंय की मी विद्यापीठाच्या संघातून क्रिकेट खेळलो. खेळलो नाही, पण आता मला ते मैदान आठवतंसुद्धा. गेल्या महिन्यात बायको म्हणाली, "तू खरं सांगितलंस तरी मला तपासून बघावंसं वाटतं." मी वाईट माणूस आहे, की हा आजार आहे?

उत्तर: बिल भरायला तुम्ही बाथरूममध्ये जाता, तिथे मी वाचताना थांबले. "विसरलो, आत्ता भरतो" म्हणायला दोन सेकंद लागतात. पण त्या दोन सेकंदांत तिच्या कपाळावर उमटणारी आठी तुम्हाला सोसवत नाही. म्हणून तुम्ही वेळ मारून नेता. तुमचं बरंचसं खोटं असं धास्तीपोटी आलेलं दिसतं. चूक कबूल केल्यावर पूर्वी कधी फार ऐकून घ्यावं लागलं होतं का, हे एकदा आठवून पाहा.

क्रिकेटचं मात्र मला जास्त गंभीर वाटतं, कारण तिथे फसलेल्यांत तुम्हीही आहात. १९५९ साली फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना तासभर अतिशय कंटाळवाणं काम दिलं आणि 'काम मजेदार होतं' असं पुढच्या माणसाला सांगायला लावलं. काहींना त्यासाठी २० डॉलर दिले, काहींना फक्त १. नंतर खरं मत विचारलं तेव्हा काम आवडल्याचं जास्त कुणी सांगितलं? १ डॉलरवाल्यांनी. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं, पैसे. बाकीच्यांकडे तेवढं कारण नव्हतं, तेव्हा फेस्टिंगर यांच्या मते त्यांच्या मनाने मतच बदलून टाकलं. तुमच्या क्रिकेटने तुम्हाला काय मिळालं? चहाच्या वेळची पाच मिनिटांची वाहवा. एवढ्यासाठी आपण खोटं बोललो हे मनाला पचेना, मग त्याने मैदानच उभं करून दिलं. शिवाय गोष्ट दर वेळी सांगताना तुम्ही तिच्यात गवत, ऊन, टाळ्या भरत गेला असाल. ते तपशील आठवणीच्या रूपात परत येतात.

आणि टोचणी का लागत नाही? २०१६ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी लोकांना स्वतःच्या फायद्यासाठी पुन्हा पुन्हा खोटं बोलू दिलं आणि मेंदूची चित्रं घेतली. भावनांशी संबंध असलेल्या अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद दर खेपेला मंदावत गेला आणि खोटं मोठं होत गेलं. 'एवढ्याशा थापेनं कुणाचं काय बिघडतं?' असं तुम्ही स्वतःला म्हणत असाल. माझ्या मते तुमची सगळ्यात जुनी थाप हीच आहे.

आजाराचं म्हणाल तर डेलब्रुक या मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्येच सवयीच्या, रचून सांगितलेल्या खोट्याला वेगळं नाव दिलं होतं. पण मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ते आजही स्वतंत्र आजार म्हणून नाही. तुम्ही वाईट आहात असं मला वाटत नाही, वाईट माणसाला असं पत्र लिहावंसं वाटलं नसतं. तरी समुपदेशकाकडे जरूर जा. वर्षानुवर्षांची धास्ती एकट्याने उपसणं फार जड जातं.

'उद्यापासून खोटं बंद' अशी शपथ मात्र घेऊ नका. ती मोडेल, आणि मोडल्याचं लपवायला तुम्ही आणखी एक थाप माराल. तोंडातून खोटं निघून गेलं की लगेच मागे घ्यायची सवय लावा: "थांब, मी चुकीचं सांगितलं. बिल राहिलंय." पहिल्यांदा कानशिलं तापतील. तापू द्या, त्या बोथट झालेल्या जागेत जीव येतोय. ऑफिसात जाहीर कबुलीजबाब नको. पुढच्या वेळी विषय निघाला की "मी संघात नव्हतो, उगाच बोलून गेलो होतो" इतकंच पुरे.

बायकोला "आता विश्वास ठेव" असं एवढ्यात म्हणू नका. ती बिलाची पावती मागेल, फोन बघेल. चिडू नका, द्या तिच्या हातात. किती दिवस तपासायचं ते तिला ठरवू दे. आणि बाथरूमची गोष्ट आज रात्रीच सांगा, तिने विचारायच्या आत.